सही आणि पोच यांच्यामध्ये सापडलेला हात

तुमच्या घरातला माणूस विमानात भाजला, तर न्याय मागायला त्याला कुठल्या देशात जावं लागेल, हे तुम्हाला माहीत आहे का?

"आपल्याच देशात, आणखी कुठं?" असं मनात आलं असेल, तर पुढचं जरूर वाचा. वकिलीच्या सुरुवातीला मलाही असंच वाटायचं. माणूस आपला, जखम आपली, तर न्यायालयही आपलंच असणार. मिलिंद साळवे आमच्या ऑफिसात आला आणि कळलं की तसं नसतं. ते ठरतं तिकिटावरचं पहिलं शहर कुठलं आहे त्यावरून. आणि ते शहर ज्या देशात आहे त्याच्या सरकारनं एक कागद जगाच्या दुसऱ्या टोकाला वेळेवर पोचवला की नाही, त्यावरून.

गारखेड्यात औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे. काळे सर जमिनीचे आणि वाटणीचे दावे बघतात. विमान कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी माझ्याकडे असतात. सर त्यांना 'हवेतली प्रकरणं' म्हणतात. सुरुवातीला हे चिडवणं होतं, आता नुसती सवय उरली आहे. आपल्या शहरात अशी प्रकरणं कुठून येणार, असं लोक विचारतात. वाळूजच्या कारखान्यांतून मशीन बसवायला परदेशी जाणारे फिटर, आखातातले ड्रायव्हर, नर्स मुली, हज-उमऱ्याहून येणारे, मुलाकडे अमेरिकेला जाऊन गुडघा धरून परत येणारे आजोबा. जिना चढून येणाऱ्यांची वाण नाही.

यात गमतीदार माणसंही भेटतात. रहीमचाचा नावाचे एक कव्वाल होते. परदेशातल्या कार्यक्रमाहून येताना त्यांची हार्मोनियम फुटली. ती पोत्यात बांधून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, ये मेरा बच्चा है. इसका पोस्टमार्टम करो." मी विचारलं, सामान मिळालं तेव्हा लेखी तक्रार दिली होती का? फुटलेल्या सामानाची तक्रार सात दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते. चाचा म्हणाले, "तक्रार? मैं तो रोया ना एअरपोर्ट पे! सब ने देखा." रडण्याची पोच मिळत नाही. ते प्रकरण तिथंच संपलं. जाताना चाचांनी दारातून सुनावलं, "कैसा कानून है, आँसू का हिसाब नहीं रखता." मी हसले होते. मिलिंदचं प्रकरण झाल्यापासून ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

आता या कायद्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. विमान एका देशातून उडतं, चार देशांवरून जातं आणि पाचव्यात उतरतं. वाटेत प्रवाशाला काही झालं तर कायदा कुणाचा लावायचा? हा घोळ मिटवायला देशांनी आपसात करार केला. जुना करार वॉर्सा शहरात झाला, आपल्या पणजोबांच्या काळात. आता चालतो तो मॉन्ट्रियलचा. या नव्या करारात सामान्य माणसाच्या दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे विमानात अपघातानं शरीराला इजा झाली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनीची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्याचं घर जिथं आहे, तिथल्या न्यायालयात तो दाद मागू शकतो. अट एवढीच की ती कंपनी त्या देशात प्रवाशांची ने-आण करत असली पाहिजे. जुन्या करारात हे दार नव्हतं.

पण हे दार सगळ्यांसाठी उघडं नाही. प्रवास जिथून सुरू झाला आणि जिथं संपणार, ते दोन्ही देश करारात सामील असावे लागतात. जाऊन-येऊन तिकीट असेल तर सुरुवात आणि शेवट एकाच देशात. मग तो एक देश सामील असला की पुरतं.

आणि देश सामील कसा होतो? टीव्हीवर आपल्याला मंत्री दिसतो, लांब टेबल, झेंडे, पेन, टाळ्या. आपण समजतो, झालं. ती नुसती सही असते. सही म्हणजे आमचा विचार आहे, एवढंच. त्यानंतर तो करार देशाच्या मंत्रिमंडळापुढं, बहुतेक ठिकाणी संसदेपुढं जातो. तिथं मंजूर झाला की सरकारच्या वतीनं एक पत्र तयार होतं, 'हा करार आम्हाला बंधनकारक आहे' असं सांगणारं. ते पत्र मॉन्ट्रियलला, विमान वाहतूक पाहणाऱ्या जागतिक संघटनेच्या ताब्यात द्यावं लागतं. तिथं पोच झाली की त्यानंतर साठाव्या दिवशी करार त्या देशाला लागू होतो. ज्यांनी सुरुवातीला सही केली नव्हती, त्यांनाही नंतर सरळ असं पत्र देऊन आत येता येतं. आपला देशही तसाच दहा वर्षांनी आत आला, आणि संसदेनं आपला जुना कायदा त्याप्रमाणे बदलला. सही आणि पोच यांच्यामध्ये एखादा देश वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. त्याला कुणी हटकत नाही.

मिलिंद साळवे मुकुंदवाडीचा. आफ्रिकेतल्या एका देशात शीतपेयं बाटल्यांत भरण्याच्या कारखान्यात तो फिटर होता. त्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. सुट्टी मिळाली तसा तो घरी यायला निघाला. तिथल्या विमानतळावर रांगेत मागून कुणीतरी फोनवर बोलत होतं, "अगं व्हय, निघालो, आता काय विमान ढकलू का?" मिलिंदनं वळून विचारलं, "कुठले हो पाव्हणं?" तो निघाला हर्सूलचा गणेश शिंदे. वाळूजच्या एका कंपनीनं त्याला महिनाभर मशीन बसवायला पाठवलं होतं. परक्या मुलखात हर्सूल आणि मुकुंदवाडी म्हणजे शेजारचंच घर. दोघांची आसनं वेगळ्या रांगांत होती. गणेशनं शेजारच्या प्रवाशाला हातापाया पडून मिलिंदच्या जागी पाठवलं आणि मिलिंदला आपल्याजवळ आणलं. मिलिंद उंच, त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीला लागत होते. म्हणून गणेशनं वाटेकडची आपली जागा त्याला दिली आणि स्वतः आत सरकला.

चहाची गाडी आली. तिचा ब्रेक नीट लागलेला नव्हता. गाडी घसरली आणि वरचा उकळत्या पाण्याचा जग कलंडला. पाणी मिलिंदच्या उजव्या हातावर सांडलं, पंज्यापासून कोपरापर्यंत. उरलेलं गणेशच्या मांडीवर.

दोघं एकत्रच आमच्या ऑफिसात आले. सोबत मिलिंदची बायको शीला होती. गणेशची मांडी तोवर बरी झाली होती, थोडा डाग राहिला होता. मिलिंदची उजवी बोटं अर्धवट वाकून तशीच आखडली होती. पाना धरता येत नव्हता. पाना धरता येत नसेल तर फिटर कसला? तिकडच्या कारखान्यानं फोनवरच सांगितलं होतं की परत येऊ नका.

मी उत्साहात होते. उकळतं पाणी प्रवाशावर सांडणं हा करारातला अगदी सरळ अपघात. स्वतःच्या आजारानं चक्कर आली तर वाद होतो, इथं वादच नव्हता. "तिकिटं दाखवा," म्हटलं.

गणेशचं तिकीट वाळूजच्या कंपनीनं काढलेलं: मुंबई ते तिकडे आणि परत मुंबई. मिलिंदचं तिकीट तिकडच्या कारखान्यानं काढलेलं: तिकडून मुंबई आणि परत तिकडे.

परदेशी नोकरी करणाऱ्यांना ही पद्धत माहीत आहे. सुट्टीचं तिकीट कारखाना तिकडूनच काढतो, दोन्ही बाजूंचं. त्यात माणूस परत येण्याची खात्री असते. घरचे खूश असतात, 'कंपनीनं जाण्या-येण्याचं तिकीट दिलं' म्हणून गल्लीत सांगतात. शीलानंही सांगितलं होतं.

मी त्या देशाची माहिती काढली. त्यानं सही केली होती. पोच नव्हती.

पुन्हा पुन्हा वाचलं. मग सरांना बोलावलं. सर चष्मा पुसत बसले आणि हळू म्हणाले, "पोरी, गणेशचा प्रवास आपल्याकडे सुरू होऊन आपल्याकडे संपला. त्याला नवा करार लागू. मिलिंदचा प्रवास कायद्याच्या दृष्टीनं तिकडे सुरू झाला आणि तिकडेच संपणार होता. तो देश फक्त जुन्या करारात आहे, आणि विमान कंपनीही तिकडचीच. त्याला दाद तिकडेच मागावी लागेल."

"पण सर, मिलिंदचं घर मुकुंदवाडीत आहे."

"घर नव्या करारात मोजतात. जुन्यात नाही."

शीला ऐकत होती. तिनं विचारलं, "ताई, त्या देशानं सही केलती म्हणता ना? मंग?"

"सहीनंतर बाकीचं करायचं राहिलंय."

"म्हंजी साखरपुडा केला अन् लगीन नाय लावलं."

"तसंच."

"अन् पोरीला मात्र सांगितलं, तुझं ठरलंय म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

गणेश मात्र उठून उभा राहिला. "ओ ताई, ती जागा माझी होती. पाणी माझ्या हातावर पडायचं होतं. माझ्या हातावर पडलं असतं तर इथं केस चालली असती, असंच ना?"

मी मान हलवली. मिलिंद डाव्या हातानं त्याचा शर्ट ओढत म्हणाला, "बस रे शिंद्या. तू काय त्या चहाच्या गाडीला धक्का मारायला गेलतास का?"

आम्ही तरीही दोघांच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केल्या. सरांना यशाची आशा नव्हती. मला होती, कारण मला राग आला होता. दरम्यान मी त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासात फोन करत राहिले. शेवटी एक अधिकारी बोलला, अतिशय सौम्य माणूस. त्यानं सांगितलं की त्यांच्या संसदेनं करार कधीच मंजूर केलाय, मिलिंद विमानात बसण्याच्या खूप आधी. पत्रही तयार आहे. वरच्या साहेबांची सही झाली की मॉन्ट्रियलला जाईल. "प्रक्रिया चालू आहे," तो म्हणाला.

प्रक्रिया. मी पत्रकांमध्ये वाढले. माझे बाबा दिवसा एका छापखान्यात अक्षरं जुळवत आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या पाण्यासाठी, शाळेसाठी, स्मशानाच्या जागेसाठी पत्रकं लिहीत. आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. बाबांची पेन्सिल 'प्रक्रिया' या शब्दावर आली की तो शब्द खोडायची. ते म्हणत, या शब्दाला कर्ता नसतो. कुणी काम केलं नाही, हे लपवायला तो वापरतात. त्या फोनच्या दिवशी मला बाबांची पेन्सिल हवी होती. एका देशाच्या लोकप्रतिनिधींनी होकार दिला होता. फक्त एका कागदानं टेबल ओलांडायचं होतं. तो ओलांडेना, आणि त्याच दिवसांत एका माणसाच्या हाताची बोटं कायमची आखडत होती.

मग एक दिवस बातमी आली. पत्र पोचलं. तो देश करारात सामील होतोय. आमच्या ऑफिसात एकदम गलका झाला. गणेश हर्सूलहून मोटरसायकलवर पेढे घेऊनच आला. "आता बोला, वकील ताई! आता तर लगीन लागलं ना?"

पेढ्याचा पुडा टेबलावर तसाच राहिला. मला त्यांना सांगावं लागलं की करार लागू होतो तो पुढच्यासाठी. ज्या दिवशी पाणी सांडलं, त्या दिवशी तो देश बाहेर होता. कायदा मागं वळून पाहत नाही.

मिलिंदनं विचारलं, "म्हंजे आजपासून जो तिकडून येईल, त्याला मिळंल?"

"लागू होण्याच्या दिवसापासून."

"आमच्या कारखान्यात अजून सात-आठ जण आहेत इकडचे." तो डाव्या हातानं पुडा उघडून म्हणाला, "घ्या मंग. त्यांच्यासाठी घ्या." मी पेढा घेतला.

आयोगानं मिलिंदची तक्रार अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर परत केली. सदस्यांचा आवाज वाचताना जड झाला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. अपिलातही तेच झालं. तिकडच्या न्यायालयात जायचं तर नोकरी गेलेल्या माणसाला व्हिसा कोण देणार? आणि त्यासाठी कायद्यानं फक्त दोन वर्षं दिलेली असतात. ती कागद जमवण्यातच संपत आली होती. आज ती संपली आहेत.

गणेशची तक्रार मात्र चालली. कंपनीनं निकालाआधीच मिटवायची तयारी दाखवली. आमच्याकडे ही चांगली बातमी असते. गणेश म्हणाला, "मला नको मिटवायचं. मला तिथं उभं राहून बोलायचंय." त्याच्यासाठी हा तोट्याचा सौदा होऊ शकतो, हे मी त्याला तीनदा समजावलं. "मांडीवरच्या डागाचं मला काय करायचंय ताई? माझ्या तक्रारीत त्या दिवशी काय झालं ते सांगायचं असतं ना? मग सगळंच सांगतो."

आयोगापुढं कंपनीच्या वकिलांनी त्याला अडकवायला विचारलं, "नोंदीप्रमाणे वाटेकडचं आसन तुमचं होतं. त्यावर दुसराच प्रवासी बसला होता, हे खरं का?"

"व्हय."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या. लांबून आलेल्या गाववाल्याला चांगली जागा देतात आमच्याकडं. तुमच्याकडं देत नसतील."

अध्यक्षांनी त्याला टोकलं, पण हसू लपवून. मग त्यांनी त्याला काय घडलं ते सांगायला सांगितलं. गणेश मांडीबद्दल एकच वाक्य बोलला. बाकी सगळं मिलिंदच्या हाताबद्दल: कातडी कशी सोलवटली, जळजळ थांबावी म्हणून थंड पाणी मागितलं तर बर्फ संपलाय असं कसं सांगितलं, मुंबईला उतरेपर्यंत मिलिंद दात आवळून कसा बसला होता आणि "शिंद्या, माझ्या आईला फोनवर सांगू नको" एवढंच कसं म्हणत राहिला. मिलिंद मागच्या बाकावर होता. शीलानं त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, सगळ्यांना दिसेल असा.

निकाल गणेशच्या बाजूनं लागला. त्या निकालात मिलिंद साळवे हे नाव आहे, त्याच्या हाताचं काय झालं ते आहे, गाडीचा ब्रेक लागलेला नव्हता हेही आहे. फक्त मिलिंदला काही द्यावं असा आदेश नाही. देताच येत नव्हता.

मी हा धंदा न्यायासाठी निवडला, असं कॉलेजात भाषणात सांगायचे. आता तसं म्हणताना थबकते. एकाच रांगेत बसलेल्या, एकाच पाण्यानं भाजलेल्या दोन माणसांना कायद्यानं दोन वेगळ्या देशांत बसवलं, आणि मी वकील असून त्यांना एका रांगेत परत आणू शकले नाही. पण मी गप्पही बसणार नाही. करार करायला जाणारे लोक विमानात पुढच्या भागात बसतात. त्यांच्याकडे चहा कपात येतो. मागच्या भागात ज्यांच्या अंगावरून गाडी जाते, त्यांनी विचारल्याशिवाय कुठल्याही टेबलावरचा कागद हलत नाही, हे मी वस्तीच्या पाण्यापासून मॉन्ट्रियलपर्यंत पाहिलं आहे.

मिलिंद आता मुकुंदवाडीत स्टेशनजवळ एका ओळखीच्याच्या दुकानात बसतो. परदेशी कामाला निघालेले तिथं फोटो आणि झेरॉक्स काढायला येतात. तो प्रत्येकाला विचारतो, "तिकीट कुठून चालू होतंय?" तिकडून चालू होत असेल तर म्हणतो, "पुढच्या सुट्टीचं तिकीट इथून सुरू करून माग. कंपनी नाय म्हणंल, तरी माग." काही जण हसतात. तो उजवा हात काउंटरवर ठेवतो. मग हसत नाहीत.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. दिवाळीला तुमच्या घरी, नात्यात, गल्लीत कुणीतरी परदेशातून सुट्टीवर आलेलं असेल. फराळाचं ताट त्याच्या पुढं ठेवाल तेव्हा त्याचं तिकीट मागून घ्या आणि त्यावरचं पहिलं शहर बघा. ते ज्या देशात आहे, तो देश मॉन्ट्रियलच्या करारात सामील आहे का, हे कुठल्याही मोबाइलवर सापडतं. सामील नसेल, तर आपल्या खासदाराला एक पत्र लिहा. कलमं लिहू नका, कायद्याची भाषा लिहू नका. एवढंच लिहा की आमचा माणूस तिकडे कामाला आहे, आपलं सरकार त्या देशाशी कामगारांबद्दल बोलतं तेव्हा त्यांचा कागद अजून का पोचला नाही हेही विचारा, आणि काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा. खाली त्या माणसाचं नाव लिहा.

तो परत विमानात बसायच्या आधी पत्र टाका.